पुस्तकात गेलेलं नाव

माझ्या मामाला कोंबडी मारता येत नव्हती. सुरी घेऊन तो अंगणात जायचा, कोंबडीशी थोडा वेळ बोलायचा आणि आत येऊन मामीला म्हणायचा, आज राहू दे, बटाटेच उकड. मग एल्स्पेटमामी बाह्या सरसावून स्वतः बाहेर जायची. या माणसाचं नाव आज निम्म्या जगातल्या पोरांना पाठ आहे, आणि तेही एका खुनशी समुद्री चाच्याचं नाव म्हणून. त्या पोरांचा राग करण्यात अर्थ नाही. माझा राग मोठ्यांवर आहे, आणि इतकी वर्षं झाली तरी तो उतरलेला नाही.

आमच्या पोर्टलीन या कोळ्यांच्या गावात आडनावं दोनच, मेअर आणि पिरी. पोरांची नावंही आज्या-पणज्यांचीच फिरवून ठेवलेली. बंदरावर ‘गिल्बर्ट मेअर’ अशी हाक मारली तर पाच-सहा माणसं वळतील आणि एखादं तान्हं पाळण्यात रडायला लागेल. म्हणून दर घराला एक टोपणनाव असतं आणि आमच्यात तेच खरं नाव. पोस्टमन त्याच नावावर पत्र टाकतो, मतदारयादीत ते छापतात, थडग्यावर कोरतात. माझ्या आईच्या आजोबांना स्कर्लीचं वेड होतं. स्कर्ली म्हणजे चरबीत कांद्याबरोबर परतलेलं ओटचं जाडंभरडं पीठ. कोणाच्या तरी लग्नात समोर भाजलेलं मांस असताना त्यांनी ताटात स्कर्ली मागितली, आणि तेव्हापासून ते घर स्कर्लींचं झालं. माझा गिल्बर्टमामा जन्मला तोच स्कर्ली म्हणून. गिल्बर्ट असं त्याला फक्त पाद्री म्हणायचा, तेही बाप्तिस्म्याच्या आणि लग्नाच्या दिवशी.

तरुणपणी मासेमारीचा गळ उडून त्याच्या डाव्या डोळ्यात गेला होता. तो डोळा पांढरा पडला आणि त्या बाजूचा गाल थोडा ओढल्यासारखा झाला, त्यामुळे तो हसला की अर्धाच हसतोय असं वाटायचं. काम करताना तो नाकातून चर्चमधली स्तोत्रं गुणगुणायचा, सूर सोडून. माझे बाबा, अलेक पिरी, हेरिंग मासे धरणाऱ्या ‘होप’ बोटीचे तांडेल. मामा त्यांच्याच बोटीवर शीड सांभाळायचा आणि चुलीवर सगळ्यांचं जेवण रांधायचा. बाबा तापट, मामा थंड. बाबा दिवसभर त्याच्यावर खेकसत असत, पण वाऱ्याचा रंग कसा आहे हे त्याला विचारल्याशिवाय त्यांनी कधी शीड उभारलं नाही. मामाला मूलबाळ नव्हतं. बोट हेच त्याचं सगळं होतं, आणि ती हातची जाईल असं कोणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

मी दहा-अकरा वर्षांची असेन, तेव्हा किनिअर साहेब आले. ते पुस्तकं लिहीत आणि त्यांची छाती खराब होती. आमच्याकडची हवा औषधी आहे असं त्यांना कुठल्याशा डॉक्टरने सांगितलं होतं. त्या डॉक्टरला जानेवारीत एकदा आमच्या बंदरावर उभा करायला हवा होता. साहेबांनी मामाच्या घराची माडी भाड्याने घेतली, आणि तो उन्हाळा असा बरसला की बिचारे माडीवर गोधडी पांघरून खोकत आणि लिहीत बसले. मामीने त्यांना बार्लीचं सूप पाजलं, छातीला गरम चरबी चोळली. बरं वाटेल तेव्हा ते खाली खोपटात येत, मामा जाळी विणत असे तिथे बसत आणि बोलत. बोलायचे तेच. मामा मान हलवायचा.

समुद्रावर माणसं एकमेकांना कशी मारत असतील, असं त्यांनी एकदा विचारलं. मामाने खूप विचार केला आणि म्हणाला, “आम्ही हेरिंग मारतो, साहेब.”

साहेब इतके हसले की त्यांना खोकल्याची उबळ आली. माणूस वाईट नव्हता. एकदा ऊन पडलं तेव्हा त्यांना बोटीतून फिरायचं होतं. आमच्याकडे पुरुषांचे बूट दिवसभरासाठी ओले होऊ नयेत म्हणून बायकाच त्यांना पाठीवर घेऊन पाण्यातून बोटीपर्यंत पोचवतात. मामीने आधी मामाला पोचवलं, मग परत येऊन साहेबांना पाठीवर घेतलं. माशांची पाटी साहेबांहून जड असते, असं ती नंतर आईला म्हणाली आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

जाण्याआधी साहेबांनी मामाला विचारलं, मी पोरांसाठी चाच्यांची गोष्ट लिहितोय, त्यात तुझं नाव घालू का, स्कर्ली हे नाव मला फार आवडलंय. दुसऱ्या गावच्या माणसाला असं कोणी विचारलं असतं तर चाललं असतं. आमच्या माणसाने मात्र आधी दहादा विचार करायला हवा होता, कारण आमच्यात ते नाव सोडलं तर माणसाचं स्वतःचं असं काही नसतं. पण पाहुण्याला नाही म्हणणं मामाला जमणारं नव्हतं. “घाला की,” तो म्हणाला, “वापरून झिजणार थोडंच आहे.”

पुढच्या वर्षी पुस्तक आलं. मास्तरांनी ते शाळेत वाचायला घेतलं. खरं सांगायला मला त्रास होतो, पण पुस्तक चांगलं होतं. एरवी बाकावर चुळबुळ करणारी पोरं श्वास रोखून बसायची. त्यातला कॅप्टन स्कर्ली गोड बोलायचा. त्याचा एक डोळा पांढरा होता आणि तो अर्धाच हसायचा. बोटीवरच्या सगळ्यांना सूप करून वाढायचा, आणि नाकातून स्तोत्र गुणगुणत आपल्याच सोबत्यांचा एकेक करून काटा काढायचा. घरी येऊन मी मामाला सगळं सांगितलं. तो जाळीची गाठ मारता मारता ऐकत होता.

“माणूस वाईट आहे गं,” तो म्हणाला. “पण स्वयंपाक बरा करतो म्हणायचं.”

पहिलं वर्ष मजेत गेलं. शेजारच्या गावांतून लोक मामाला बघायला यायचे. पोरं त्याच्या मागे लागायची, तोही पांढरा डोळा मोठा करून त्यांच्यावर गुरगुरायचा. गावाला अभिमान वाटत होता. बाबा तर बाजारात ओळख करून देताना म्हणायचे, हा आमचा चाचा, याच्या हातचं खाऊ नका.

आता आमच्यातली एक गोष्ट सांगायला हवी. बोटी निघायच्या वेळी आम्ही काही शब्द तोंडातून काढत नाही. डुक्कर म्हणायचं नाही, सामन मासा म्हणायचं नाही, पाद्र्याचंही नाव घ्यायचं नाही. चुकून कोणी बोललंच तर हाताशी असेल त्या लोखंडाला हात लावायचा. शहरातले लोक याला हसतात. त्यांची माणसं संध्याकाळी ट्रामने घरी येतात.

दुसऱ्या वर्षीच्या शरद ऋतूत एका सकाळी बोटी बाहेर पडत होत्या आणि पोरं धक्क्याच्या भिंतीवर चाच्यांचा खेळ खेळत होती. ‘मॉर्निंग लाइट’ भिंतीला घासून पुढे गेली तेव्हा पोरं तिच्यावर ओरडली, स्कर्ली आला, पळा, स्कर्ली सगळ्यांना बुडवणार. बोटीवरची माणसं हसली म्हणतात. दुपारी वारा उलटला, आणि बाकी सगळ्या बोटी आल्या, ‘मॉर्निंग लाइट’ आली नाही. तिच्यावर शेवी टोपणनावाच्या घरातले बाप आणि तीन मुलगे होते.

मामा दुसऱ्या दिवशी मेग शेवीला भेटायला गेला. आई बरोबर होती, तिने पाहिलं ते सांगते. मेगने दार उघडलं, मामाला बघितलं, तोंडातून वाईट शब्द काढला नाही. फक्त दाराच्या लोखंडी कडीवर हात ठेवला आणि तो उभा होता तोवर काढला नाही. मामा टोपी हातात धरून काही तरी पुटपुटला आणि परत आला.

तेवढं पुरे झालं. मग बायका त्याला वाटेत पाहून घराकडे वळायला लागल्या. पुरुष खिशातल्या चाकूला हात लावायला लागले. आयांनी पोरांच्या मुस्काटात मारून ते नाव बंद केलं. ते पुस्तक मास्तरांच्या कपाटात गेलं. गावात ‘स्कर्ली’ हा शब्दच उरला नाही. त्याच्याबद्दल बोलायची वेळ आली तर लोक ‘तो’ म्हणायचे, किंवा ‘एल्स्पेटचा नवरा’. ज्या घरात ते खाणं शिजायचं तेही चुलीवर काय आहे ते सांगेना.

बाबांनी त्याला बोटीवर ठेवून एक हंगाम काढला, हे मला मान्य करायला हवं. बोटीवरची माणसं कुरकुरत होती तेव्हा बाबा त्यांच्यावर ओरडले, की चाच्याला भिणारे चड्डीत मुतरे मला नकोत. पण त्या हंगामात जाळी रिकामी यायला लागली. सगळ्यांचीच येत होती, पण ‘होप’ची आली की लोक एकमेकांकडे बघायचे. माझा भाऊ आर्ची तेव्हा नुकताच बोटीवर जायला लागला होता. आईला झोप येईनाशी झाली. शेवटी खलाशांनी सांगितलं, तो असेल तर आम्ही चढणार नाही.

मामाने तेव्हाही सकाळी डबा घेऊन धक्क्यावर जायचं सोडलं नव्हतं. त्या दिवशी बाबा बोटीच्या नाळेवर, पुढच्या टोकाला, उभे होते. सगळे पाठ करून दोर गुंडाळत होते.

“गिल्बर्ट,” बाबा म्हणाले, “तू आज घरी जा.”

बास, एवढंच. मामा काय समजायचं ते समजला. उभ्या जन्मात बाबांनी त्याला गिल्बर्ट म्हटलं नव्हतं. तो ‘हो, अलेक’ म्हणाला आणि डब्यातलं जेवण आर्चीकडे देऊन निघाला. घरी येऊन बाबांनी रागाने बशी फोडली. गोष्ट सख्ख्या भावाची होती, तरी खरं तर आईला हलकं वाटलं होतं. मला ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं.

दुसऱ्या कोणत्या बोटीवर त्याला घेणार कोण? वर-खालच्या गावांतही बातमी पोचली होती. त्याने एक छोटी वल्ह्यांची होडी डागडुजी करून घेतली आणि एकटा खेकड्यांचे पिंजरे लावायला लागला. त्याची होडी धक्क्यालाही नको म्हणून तो पश्चिमेच्या दगडी उतारावर, खडकांच्या पलीकडे, तिला ओढून ठेवायचा. गुणगुणणं बंद झालं होतं. मी जेवण घेऊन जायची तेव्हा तो विचारायचा, आज ‘होप’ कोणत्या शिडावर गेली. मी सांगितलं की मान हलवायचा किंवा नुसताच सुस्कारा टाकायचा, आणि त्यावरून बाबांचं बरोबर होतं की चूक ते मला कळायचं.

पुढच्या वसंतात किनिअर साहेब पुन्हा आले. आता ते मोठे झाले होते, बरोबर शहरातली दोन माणसं होती, त्यांना खरा स्कर्ली बघायचा होता. गावातून गाडी गेली तशी लोकांनी दारं लावून घेतली, आणि साहेबांना वाटलं असेल, गावची माणसं जरा बुजरी झाली. मामीने त्यांना आत बसवलं. मी तिथेच होते. मामा उभाच राहिला आणि त्याने जे कधी केलं नव्हतं ते केलं, कोणाकडे तरी काही मागितलं.

“साहेब, पुस्तकातलं नाव बदला.”

साहेब आधी हसले. मग मामाचा चेहरा बघून थांबले. मामीने सगळं सांगितलं, ‘मॉर्निंग लाइट’चं, बोटीचं. शहरातली माणसं एकमेकांकडे बघून गालात हसत होती. साहेब हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, “पण ती गोष्ट आहे, मिस्टर मेअर. लहान मुलांची गोष्ट.”

“गोष्ट तुमचीच राहू द्या. मला नाव तेवढं परत पाहिजे.”

साहेबांनी खरं तेच सांगितलं. प्रकाशकाला सांगतो म्हणाले, पण पुस्तक सात-आठ भाषांत गेलंय, घराघरांत पोचलंय, आता ते गोळा करून कोण आणणार. मग मामाला बरं वाटावं म्हणून म्हणाले, की सबंध पुस्तकात पोरांचा सगळ्यात लाडका तोच आहे, जिथे जातो तिथे पोरं त्याच्याबद्दलच विचारतात.

“असेल, साहेब,” मामा म्हणाला. “त्याला बोटीवर घेतात.”

साहेबांना खोकला यायला लागला तसं मामीने सूप आणलं. ते त्यांनी खाली मान घालून संपवलं आणि गेले.

एप्रिलमध्ये धुकं आलं. सकाळी ऊन होतं, सगळ्या बोटी बाहेर होत्या, मामाही पिंजरे उचलायला गेला होता. दहा वाजता समुद्रावरून धुकं असं चालत आलं की स्वतःच्या पायातले बूट दिसेनात. आमच्या बंदराबाहेर खडकच खडक आहेत आणि घंटेचा आवाज कड्यांवर आपटून चहूकडून येतो, म्हणून धुक्यात आम्ही घंटा वाजवत नाही. दर घरच्या बायका आपापल्या बोटीच्या जागी उभ्या राहून घरचं नाव घेऊन हाक मारतात. बोटीवरचा माणूस आपल्याच नावाच्या रोखाने येतो. लहानपणापासून पोरांना बजावलेलं असतं, दुसऱ्याच्या हाकेला वळायचं नाही, त्याच्या वाटेवर तुझा खडक असेल.

सगळं गाव धक्क्यावर ओरडत होतं. आई बाबांच्या घरचं नाव पुकारत होती. मामी एकटी पश्चिमेच्या उतारावर गेली होती. मी तिच्याकडे धावले. ती ‘गिल्बर्ट, गिल्बर्ट’ अशी हाक मारत होती. तिचे स्वतःचे दोन भाऊ बोटींवर बाहेर होते. दुसरं नाव तिच्याही तोंडातून येत नव्हतं. तिचा आवाज आधीच बसला होता. मीही ओरडायला लागले, गिल्बर्ट, मामा, जे सुचेल ते. पण धक्क्यावरून पन्नास आवाज येत होते, आणि त्या गलक्यात कोण कोणाचा मामा?

मग आम्हाला ठोके ऐकू आले. मोठ्या बोटींना भोंगा असतो. वल्हं होडीच्या काठावर आपटून खूण करणारा त्या दिवशी एकच माणूस बाहेर होता. ठोके जवळ आले, थांबले. तो कान देत होता. आपलं नाव येतंय का ते ऐकत होता. आम्ही गिल्बर्ट म्हणून ओरडलो. ठोके पुन्हा सुरू झाले, पण आता उजवीकडे, खडकांच्या बाजूला.

मी छाती भरून श्वास घेतला. तेवढ्यात मागून माझ्या तोंडावर हात आला. आई होती. माझ्या ओठांवर कोणतं नाव आलंय ते ओळखून ती धक्क्यावरून पळत आली होती.

“तुझा बाप बाहेर आहे,” ती माझ्या कानात म्हणाली. “आर्ची बाहेर आहे. सगळ्या बोटी बाहेर आहेत.”

मी तिला चावले. तिने हात काढला नाही. माझ्या गालाला तिचा गाल लागला होता आणि तो ओला होता. मामी आमच्याकडे बघत होती. ठोके लांब लांब जात राहिले, मग दोन-तीन ऐकू आले, मग नाही.

‘होप’ आली तशी बाबांचा आवाज ऐकून आई धक्क्याकडे धावली. आर्ची पायऱ्यांवर चढला तेव्हा तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवला, त्याला बाजूला सारलं, समुद्राकडे वळली आणि ओरडली, “स्कर्ली!” अजून दोन बोटी बाहेर होत्या. त्या घरच्या बायका तिच्या अंगावर धावून गेल्या, कोणी तिचे केस धरले. बाबांनी मध्ये पडून तिला सोडवलं. त्यांना तेव्हा कळलं कोण बाहेर आहे ते.

शेवटची बोट धक्क्याला लागली आणि मग सगळ्यांची तोंडं उघडली. सगळं गाव पश्चिमेच्या उतारावर आलं. मेग शेवी आली. ज्यांनी बोटीवर चढायला नकार दिला होता ते खलाशी आले. स्कर्ली, स्कर्ली, म्हणून पुरुष, बायका, मुस्काटात मारून गप्प केलेली पोरं, सगळी ओरडत होती. बाबा गुडघाभर पाण्यात उभे होते आणि त्यांचा आवाज फाटला होता तरी थांबत नव्हते. धुकं विरळ होईपर्यंत हे चाललं होतं.

मामी खाली दगडावर बसली होती. “पुरे करा आता,” ती म्हणाली. “त्याला ऐकू आलं असतं, तर तो आला असता.”